सादळलेला कागद आणि इंकजेटचे कॅलिब्रेशन : खानदेशच्या हवेत कामाचा योग्य क्रम

पहिला पाऊस झाला की खानदेशातल्या फोटो स्टुडिओंत, डीटीपीच्या दुकानांत आणि घरोघरच्या इंकटँक प्रिंटरवर एकसारख्या तक्रारी सुरू होतात. उभ्या रेषा दुहेरी दिसतात, गडद भागात आडवे पट्टे येतात, छापलेला कागद कोपऱ्यांतून उचलला जातो आणि कधी त्याच्यावर हेड (शाई सोडणारा, मागेपुढे धावणारा भाग) घासून काळा फराटा पडतो. अशा वेळी बहुतेक जण आधी हेड क्लिनिंग दोनतीनदा चालवतात, मग अलाइनमेंट करतात, मग रंगांच्या सरकपट्ट्या मागेपुढे करत बसतात. हे सगळे ज्या कागदावर चाललेले असते तो मात्र ट्रेमध्ये आठवडाभर उघडा पडून सादळलेला असतो. शाई खर्च होते, वेळ जातो आणि नवी रीम फोडली की जुळवलेले सगळे पुन्हा बिघडते.

कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राला एका ठरावीक कागदाशी जुळवून घेणे होय. तो कागदच फुगत आणि आकसत असेल, तर जुळवणी नेमकी कशाशी झाली हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी खोली, मग कागद, मग नोझल (हेडची शाई सोडणारी बारीक छिद्रे), मग हेडची जुळवणी म्हणजे अलाइनमेंट, मग कागदाची सरक (रोलर कागद पुढे ओढतो ती चाल), मग शाईचे प्रमाण आणि रंग, आणि शेवटी वाळवण. पुढच्या टप्प्यावर केलेली दुरुस्ती मागच्या टप्प्यावरची चूक फक्त झाकते, त्यामुळे हा क्रम मोडू नये.

## तयारी : काय जवळ असावे

तापमान आणि आर्द्रता दाखवणारे लहान डिजिटल मीटर, स्टीलची ३० सेंमी पट्टी, टॉर्च, झाकणाचा हवाबंद प्लॅस्टिक डबा, चिकटपट्टी, सपाट लाकडी फळी आणि एक वही एवढे साहित्य पुरेसे आहे. वही सर्वांत महत्त्वाची. तारीख, वेळ, आर्द्रता, कागदाचे नाव व जीएसएम (दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन), निवडलेला मीडिया टाइप (प्रिंटरच्या सेटिंगमधला कागदाचा प्रकार) आणि आढळलेला दोष या सहा गोष्टी प्रत्येक वेळी लिहिल्या, तर पुढच्या वर्षी अर्धे काम वाचते.

याशिवाय संगणकावर आपले एक तपासणीपान कायमचे तयार करून ठेवावे. ए४ आकाराच्या या पानावर उभी आणि आडवी अशी प्रत्येकी १८० मिमी लांबीची एक रेषा, अगदी बारीक उभ्या रेषांचा एक पट्टा, पूर्ण काळा असा ५० × ५० मिमीचा चौकोन आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत ५ टक्क्यांच्या पायऱ्यांनी गडद होत जाणाऱ्या राखाडी चौकटी असाव्यात. हे पान नेहमी एकाच फाइलमधून आणि शंभर टक्के आकारातच छापावे. ‘पानात बसवा’ आणि बिनसमासाची छपाई हे दोन्ही पर्याय बंद ठेवावेत, कारण त्यांत चित्र आपोआप लहानमोठे होते आणि मोजमापाला काही अर्थ उरत नाही.

## टप्पा १ : खोलीची हवा स्थिर करणे

कागद तपासण्याची आंतरराष्ट्रीय प्रमाण हवा, म्हणजे आयएसओ १८७ या मानकातली, २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता अशी आहे. आपल्याकडे वर्षातले फार थोडे दिवस खोलीत असे आकडे दिसतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारची हवा अगदी कोरडी पडते, तर जुलै-ऑगस्टमध्ये झडीच्या दिवसांत आर्द्रता ८० टक्क्यांच्याही वर जाते. अनेक घरगुती इंकटँक प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत १० ते ३५ अंश तापमान आणि २० ते ८० टक्के आर्द्रता एवढीच मर्यादा दिलेली असते. म्हणजे पत्र्याच्या छपराखालचे दुकान उन्हाळ्यात दुपारी आणि पावसाळ्यात सकाळी, दोन्ही वेळा या मर्यादेबाहेर जाऊ शकते.

व्यवहारात ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यानची हवा चांगली समजावी. ती साधली नाही तरी चालेल, पण ती दिवसभर फार बदलू नये. आर्द्रता ६५ टक्क्यांवर स्थिर असलेली खोली ही सकाळी ७०, दुपारी ३० आणि संध्याकाळी ६० अशा खोलीपेक्षा कॅलिब्रेशनसाठी कितीतरी बरी.

इथे कूलरबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या भागात कागद बिघडण्याचे मोठे कारण पावसाइतकेच कूलरही आहे आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास खिडक्यांना कूलर लागतात. कूलर हवा थंड करतो तो तिच्यात पाण्याची वाफ मिसळूनच, त्यामुळे बाहेर हवा अगदी कोरडी असताना बंद खोलीत आर्द्रता पावसाळ्यासारखी होते. संध्याकाळी दुकान बंद झाले, कूलर थांबला आणि खोली तापली की तोच कागद रात्रभर वाळतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ओल धरतो. या रोजच्या फुगण्या-आकसण्याने ट्रेमधला गठ्ठा चारपाच दिवसांत कामातून जातो. कूलर बंद ठेवा असे मे महिन्यात कोणाला सांगता येणार नाही. मात्र कूलरचा झोत प्रिंटरवर किंवा कागदाच्या कपाटावर थेट येऊ नये, समोरची खिडकी किंवा दार उघडे असावे म्हणजे दमट हवा बाहेर जाईल, आणि कॅलिब्रेशनच्या दिवशी कूलर ज्या स्थितीत काम करताना असतो त्याच स्थितीत तो किमान दोन तास आधीपासून असावा. कूलर बंद करून कॅलिब्रेशन करायचे आणि चालू करून छपाई करायची, ही चूक सर्रास होते.

तपासणी : मीटरवर आंधळा विश्वास ठेवू नये, स्वस्त मीटरमध्ये पाच टक्क्यांचा फरक सहज असतो. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यात थेंब थेंब पाणी घालावे. मीठ विरघळू न देता ओल्या वाळूसारखे झाले पाहिजे. हे झाकण आणि मीटर एकमेकांना न लागतील असे हवाबंद डब्यात रात्रभर खोलीच्या तापमानाला ठेवावे. डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मीटर ७० दाखवत असेल तर त्याच्या वाचनात पाच मिळवायचे, ८० दाखवत असेल तर पाच वजा करायचे, असे त्याच्या पाठीवर लिहून ठेवावे.

## टप्पा २ : कागद खोलीशी जुळवणे आणि ओळखणे

कागद म्हणजे झाडाच्या तंतूंचा थर आणि हे तंतू हवेतली ओल शोषतात. ओल शोषताना तंतू लांबीत फारसा वाढत नाही, पण जाडीत चांगलाच फुगतो. कारखान्यात कागद बनताना बरेचसे तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने बसलेले असतात, त्या दिशेला छपाईच्या व्यवसायात ग्रेन म्हणतात. म्हणून ओल लागली की कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने कितीतरी पट जास्त वाढतो आणि वळतो तेव्हा त्याची गुंडाळी ग्रेनच्या दिशेला समांतर होते.

सुटा कागद थोड्याच वेळात हवेशी जुळतो, पण पाचशे कागदांच्या गठ्ठ्याच्या मध्यापर्यंत हवा पोहोचायला कित्येक दिवस लागतात. हे एवढे लक्षात घेतले तर उघड्या रीमचे सगळे आजार समजतात. बाहेर दमट हवा असेल तर गठ्ठ्याच्या फक्त कडा ओल धरून लांबतात, मधला भाग तसाच राहतो आणि कडांना लहरी येतात. बाहेर कोरडी हवा असेल तर उलट घडते. कडा वाळून आखडतात आणि मध्यावर पोक येतो. दोन्ही दोष दिसायला वेगळे आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत.

१. नवी रीम आणल्यावर वेष्टन न फोडता ती छपाईच्या खोलीत २४ तास ठेवावी. तापलेल्या गोदामातून किंवा पावसातून दुचाकीवर आणलेली रीम असेल तर दोन दिवस थांबावे. रीमच्या वेष्टनाला आतून ओल रोखणारा थर असतो, त्यामुळे या काळात कागदाचे तापमान खोलीइतके होते आणि त्याची ओल मात्र बदलत नाही.

२. वेष्टन अर्धवट फाडू नये. एका टोकाने सरळ उघडून अर्ध्या दिवसाला लागतील तेवढेच कागद काढावेत, वेष्टन पुन्हा दुमडून चिकटपट्टी लावावी आणि रीम आडवी, झाकणाच्या डब्यात ठेवावी. फोटोपेपर त्याच्या मूळ पिशवीतच राहू द्यावा.

३. डबा जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. पावसाळ्यात फरशी घामेजते आणि विटांच्या भिंतीतून ओल येते. लोखंडी कपाटातला मधला कप्पा उत्तम.

४. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवायची असेल तर ती पावसाळ्यातच ठेवावी आणि जपून. कागद कडकडीत वाळवणे हे आपले उद्दिष्ट नाही, साध्या छपाईच्या कागदात वजनाच्या ४ ते ६ टक्के पाणी असायलाच हवे. फार वाळलेला कागद शाईतले पाणी अधाशासारखे ओढतो आणि जास्तच वळतो.

सावधान : सादळलेला कागद उन्हात ठेवणे, त्यावर इस्त्री फिरवणे, केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा मारणे किंवा बल्बखाली ठेवणे या चारही युक्त्या टाळाव्यात. उष्णता एका बाजूने लागते, ती बाजू आधी आकसते आणि लहरींच्या जागी कायमचा बाक येतो. लहरी आलेला गठ्ठा सुटा करून, दहा-पंधरा कागदांच्या पातळ थरांनी, स्थिर हवेच्या खोलीत सपाट मांडावा आणि काही तासांनी फळीखाली दाबून ठेवावा. त्यातूनही तो सुधारला नाही, तर मसुद्यांसाठी वापरावा, कॅलिब्रेशनला घेऊ नये.

ग्रेन ओळखण्यासाठी एकाच कागदाच्या दोन समान पट्ट्या कापाव्यात, एक लांबीतून आणि एक रुंदीतून. दोन्ही एका टोकाला एकत्र धरून आडव्या सोडल्या की जी जास्त लवते ती ग्रेनच्या आडवी कापलेली आहे. ए४ आकाराच्या तयार रीममध्ये ग्रेन बहुधा लांबीला समांतर असते. गडबड होते ती मोठ्या तावातून लग्नपत्रिकांसाठी किंवा लेबलांसाठी स्वतः कापून घेतलेल्या कागदात. ताव वाचवण्यासाठी कापणारा काही तुकडे उभे आणि काही आडवे काढतो, ते एकाच गठ्ठ्यात मिसळतात आणि मग निम्मे कागद एका दिशेने, निम्मे दुसऱ्या दिशेने वळतात. असा मिश्र गठ्ठा आधी वेगळा करावा. त्यावर कितीही काळजीने कॅलिब्रेशन केले तरी उपयोग होणार नाही.

तपासणी : ट्रेमध्ये भरायच्या आधी एक कागद काचेवर किंवा गुळगुळीत टेबलावर ठेवून चारही कोपरे पट्टीने मोजावेत. कोपरा ३ मिमीपेक्षा जास्त उचललेला असेल तर तो कागद कॅलिब्रेशनला नको. मग टॉर्च कागदाच्या पातळीला धरून तिरपा उजेड टाकावा. नजरेला न दिसणाऱ्या लहरी सावल्यांमुळे लगेच दिसतात.

कागदाच्या निवडीबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. ऑफसेटसाठी असलेला चकचकीत आर्ट पेपर किंवा आर्ट कार्ड पाण्याची शाई शोषत नाही. त्यावर इंकजेटची डाय शाई (पाण्यात विरघळलेल्या रंगाची) तरंगत राहते आणि बोट लागताच पसरते. हा दोष कॅलिब्रेशनने जाणारा नाही. तेथे इंकजेटसाठी लेप दिलेला कागदच लागतो.

## टप्पा ३ : नोझल तपासणे

प्रिंटर सपाट, न हलणाऱ्या टेबलावर असल्याची खात्री करावी आणि तो किमान पंधरा मिनिटे आधी सुरू करावा. नोझल चेकचे पान साध्या कागदावर काढून प्रत्येक रंगाची जाळी पाहावी. पिवळा रंग दिव्याच्या पिवळट उजेडात फसवतो, तो दिवसाच्या उजेडात पाहावा.

रेषा तुटलेल्या असतील तरच हेड क्लिनिंग करावे. एकदा क्लिनिंग, मग लगेच नोझल चेक, असे जास्तीत जास्त तीन वेळा. तरीही सुधारणा नसेल तर प्रिंटर बटणाने बंद करून रात्रभर तसाच ठेवावा आणि सकाळी पुन्हा तपासावे. अडकलेले हवेचे बुडबुडे पुष्कळदा थांबल्यानेच सुटतात. क्लिनिंगची सगळी शाई तळाच्या पॅडमध्ये जाते आणि तो पॅड भरला की प्रिंटर बंद पडतो. म्हणून नोझल चेक पूर्ण असताना, केवळ पट्टे दिसतात एवढ्यावरून क्लिनिंग करणे हे शुद्ध नुकसान आहे.

सावधान : प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा. भिंतीवरचा बोर्ड बंद केला किंवा छपाई चालू असताना वीज गेली तर हेड आपल्या टोपीवर न बसता मध्येच उघडे राहते आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत नोझल काही तासांत सुकतात. इंकजेटला वीज अगदी थोडी लागते, संगणकाच्या लहान यूपीएसवर तो सहज चालतो. भारनियमन असलेल्या गावांत ही सोय करावीच, आणि वीज आल्यावर लगेच प्रिंटर सुरू करून बटणाने बंद करावा म्हणजे हेड जागेवर जाते.

## टप्पा ४ : अंतर आणि हेडची जुळवणी

सर्वांत जास्त चुका या टप्प्यावर होतात. हेड डावीकडून उजवीकडे जाताना शाईचे थेंब टाकते, तसेच परत येतानाही टाकते. थेंब कागदावर पोहोचेपर्यंत हेड थोडे पुढे सरकलेले असते आणि हा सरकण्याचा हिशेब अलाइनमेंटमध्ये धरलेला असतो. उदाहरणादाखल हेडचा वेग सेकंदाला अर्धा मीटर आणि थेंबाचा वेग सेकंदाला ५ मीटर धरला, तर कागद १ मिमी वर उचलला गेल्यास थेंब जागेपासून ०.१ मिमी चुकतो. जाताना आणि येताना चूक उलट दिशांना होत असल्याने दोन्ही रेषांत ०.२ मिमीची फट दिसते. इंचाला ३६० ठिपके या घनतेत दोन ठिपक्यांतले अंतर साधारण ०.०७ मिमी असते, म्हणजे ही चूक जवळपास तीन ठिपक्यांची झाली. वळलेल्या कागदावर अलाइनमेंट केल्याने हीच चूक यंत्राच्या स्मृतीत पक्की बसते आणि नंतर सपाट कागदावरही रेषा दुहेरी येतात.

म्हणून क्रम असा ठेवावा.

१. ज्या जाडीच्या कागदावर काम करायचे आहे त्यानुसार आधी हेडचे कागदापासूनचे अंतर ठरवावे. काही प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये (संगणकातल्या प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) देखभालीच्या पानावर जाड कागदाची सेटिंग असते, काहींत आत एक लहान दांडी असते. कॅननच्या यंत्रांत कागद घासू नये यासाठी ‘प्रिव्हेंट पेपर अब्रेजन’ ही सोय आहे. अंतर वाढवले की घासणे थांबते, पण बारीक रेषा किंचित मऊ होतात. त्यामुळे ही सोय कामापुरतीच चालू करावी आणि काम झाले की बंद करावी.

२. अंतर ठरल्यानंतरच अलाइनमेंट चालवावी. आधी अलाइनमेंट आणि मग जाड कागदाची सेटिंग हा उलटा क्रम सर्वत्र दिसतो आणि त्यात अलाइनमेंट फुकट जाते.

३. अलाइनमेंटसाठी टप्पा २ ची तपासणी उतरलेला, वेष्टनातून नुकताच काढलेला कागद घ्यावा. ट्रेमध्ये वीस-पंचवीस कागद असावेत, एकच कागद ठेवला तर तो तिरका ओढला जाण्याची शक्यता वाढते.

४. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये उभी आणि आडवी अशा दोन जुळवण्या असतात. रेषा दुहेरी किंवा अस्पष्ट असतील तर उभी, ठरावीक अंतरावर आडवे पट्टे असतील तर आडवी करावी. चौकटींतली कोणती चांगली हे ठरवताना पान वाळू द्यावे आणि भिंग घेऊन दिवसाच्या उजेडात पाहावे.

५. ज्या यंत्रांत जुळवणीचे पान स्कॅनरच्या काचेवर ठेवावे लागते, तेथे ते पान पूर्ण वाळल्यावर सपाट ठेवून झाकण हलके दाबावे. पान उचललेले राहिले तर यंत्र चुकीचे वाचते.

तपासणी : ड्रायव्हरमधली दोन्ही दिशांनी छापण्याची, म्हणजे ‘हाय स्पीड’ किंवा ‘बायडायरेक्शनल’ नावाची, सोय बंद करून तपासणीपान पुन्हा काढावे. दुहेरी रेषा नाहीशा झाल्या तर दोष जुळवणीत किंवा कागदाच्या उंचीत आहे. तशाच राहिल्या तर तो दोष कागद ओढणाऱ्या रोलरमध्ये किंवा मूळ फाइलमध्ये शोधावा.

## टप्पा ५ : कागदाची सरक

तपासणीपानावरच्या दोन्ही १८० मिमी रेषा स्टीलच्या पट्टीने मोजाव्यात. कागदाच्या चालीच्या दिशेतली रेषा लांब किंवा आखूड असेल आणि गडद चौकोनात समान अंतराने पांढऱ्या किंवा काळ्या बारीक रेषा असतील, तर आधी रोलर स्वच्छ करावेत. सादळलेल्या कागदाची भुकटी रोलरला चिकटते आणि रोलर निसटतो. बारीक न सुटणाऱ्या, किंचित ओल्या कापडाने रोलर पुसून वाळल्यावर पुन्हा मोजावे. त्यानंतरच सरकेची सेटिंग, ज्या यंत्रात ती असेल तेथे, बदलावी.

दोन्ही बाजूंनी छापायच्या कामात किंवा एकाच कागदावर दोनदा छपाई करायची असेल तेव्हा एक गोष्ट ध्यानात असावी. पहिल्या छपाईची ओल घेतलेला कागद मोठा झालेला असतो. ए४ ची रुंदी २१० मिमी आहे, तीत केवळ ०.२ टक्के वाढ झाली तरी दुसरी छपाई कडेला ०.४ मिमीने चुकते. पत्रिकेवर सोनेरी चौकटीत नाव बसवताना हा फरक डोळ्यांत भरतो. अशा कामात पहिल्या छपाईनंतर गठ्ठा रात्रभर वाळवूनच दुसरी छपाई करावी, सेटिंगला हात लावू नये.

## टप्पा ६ : शाईचे प्रमाण आणि रंग

छपाईनंतर कागद वळतो त्याचे थेट कारण शाईतले पाणी. इंकजेटच्या शाईत पाणीच सर्वांत जास्त असते. ओली झालेली बाजू आधी फुगते म्हणून छापल्याबरोबर कागद छापील बाजूपासून दूर वळतो. नंतर वाळताना तीच बाजू पहिल्यापेक्षाही आकसते आणि कागद छापील बाजूकडे वळून बसतो. या दुसऱ्या वळणाला उपाय फार थोडे, म्हणून मुळात शाई कमी टाकणे हाच खरा मार्ग आहे.

मीडिया टाइपची निवड शाईचे प्रमाण ठरवते. साधा ७५ जीएसएमचा झेरॉक्स कागद घालून ड्रायव्हरमध्ये ‘ग्लॉसी फोटो’ निवडण्याची सवय, रंग ठसठशीत येतात म्हणून, पुष्कळांना आहे. असे केल्याने साध्या कागदावर त्याच्या ताकदीपलीकडे शाई पडते, लहरी उठतात आणि उठलेल्या लहरीवर हेड घासते. साध्या कागदाला साधा कागदच निवडावा आणि दर्जा ‘स्टँडर्ड’ ठेवावा. मजकुराची पाने ग्रेस्केलमध्ये छापावीत. गडद पार्श्वभूमीचे पोस्टर किंवा प्रमाणपत्र असेल तर १०० जीएसएम किंवा त्याहून जाड कागद, आणि शक्य तेथे इंकजेट मॅट कागद घ्यावा. मांडणी करणाऱ्यालाही सांगावे की पूर्ण पानभर काळा किंवा गडद निळा रंग भरू नये. निम्म्या गडदपणाची पार्श्वभूमीही छान दिसते आणि कागद सरळ राहतो.

शाईची मर्यादा शोधण्यासाठी तपासणीपानावरच्या राखाडी चौकटी वाळल्यानंतर पाहाव्यात. शेवटच्या तीनचार गडद चौकटी एकमेकींपासून ओळखू येत नसतील, तर त्या कागदावर शाई जास्त पडते आहे. ड्रायव्हरमधली घनता थोडी कमी करून पुन्हा पान काढावे आणि मागच्या बाजूने शाई उमटते का, काळ्या चौकोनाखाली कागद फुगतो का, हे तिरप्या टॉर्चने पाहावे. घनता टप्प्याटप्प्याने उतरवावी, एकाच वेळी घनता, कॉन्ट्रास्ट आणि रंग असे तिन्ही बदलू नयेत.

रंगांचे प्रोफाइल, म्हणजे रंग कसे उमटतात याची मोजून तयार केलेली फाइल, हे प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांच्या जोडणीचे असते. यांपैकी एक बदलला तरी ते निरुपयोगी ठरते. प्रोफाइलचे पान छापताना ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती पूर्ण बंद ठेवावी आणि मोजणी २४ तास वाळल्यावरच करावी. नंतर त्या प्रोफाइलने छापताना सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर यांपैकी एकानेच रंग सांभाळावेत. दोघांनी सांभाळले तर चेहरे तांबूस येतात आणि दोष विनाकारण प्रोफाइलला लागतो. मोजणीचे यंत्र नसणाऱ्यांनी राखाडी चौकटींत कोणती छटा डोकावते हे दिवसाच्या उजेडात, रंगीत ताडपत्रीच्या सावलीपासून दूर उभे राहून पाहावे आणि त्यानुसार अगदी थोडी दुरुस्ती करावी.

## टप्पा ७ : वाळवण

छापलेले कागद प्रिंटरच्या पुढच्या ट्रेमध्ये एकावर एक साचू देऊ नयेत. साध्या कागदाची पाने दहा-पंधरा मिनिटे सुटी सपाट ठेवावीत. पंख्याखाली किंवा कूलरसमोर ठेवल्यास एक कड आधी वाळते आणि कागद पिळवटतो, म्हणून हवा शांत असावी. त्यानंतर प्रत्येक दोन पानांमध्ये कोरा साधा कागद घालून गठ्ठा फळीखाली रात्रभर दाबावा. मधले कोरे कागद ओल शोषतात, ते सकाळी काढून टाकावेत आणि त्याच दिवशी पुन्हा वापरू नयेत.

रेझिन लेपाच्या फोटोपेपरला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा थर असल्याने त्याला लहरी येत नाहीत, मात्र उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत छापील बाजूचा थर आकसून फोटो आत वळतो. अशा फोटोंना साध्या कागदांमध्ये घालून २४ तास दाबून ठेवणे पुरते. लॅमिनेशन किंवा चौकट त्यानंतरच. ओला फोटो लगेच लॅमिनेट केला तर पाणी आत कोंडते आणि दमट दिवसांत डाय शाई कडांना पाझरू लागते.

## दोन ऋतू, दोन नोंदी

खानदेशात एकच कॅलिब्रेशन वर्षभर पुरेल अशी अपेक्षा धरू नये. एक जुळवणी कूलर सुरू झाल्यावर करावी आणि दुसरी पाऊस नीट लागल्यावर. ज्या ड्रायव्हरमध्ये सेटिंगचा संच नावाने जतन करता येतो, तेथे कागदाचे नाव आणि ऋतू असे दोन्ही लिहावे, उदाहरणार्थ ‘मॅट १२० पावसाळा’. मधल्या काळात हेडच्या जुळवणीला सहसा हात लावावा लागत नाही. दर आठवड्याला एक रंगीत पान छापून नोझल तपासले तरी पुरे होते, उन्हाळ्यात मात्र ते चुकवू नये.

दोष दिसताच कोठे परतायचे ते असे ठरवावे. पांढऱ्या बारीक रेषा सगळ्याच पानांवर ठरावीक जागी येत असतील तर टप्पा ३. दुहेरी उभ्या रेषा असतील तर आधी टप्पा २ ची कोपऱ्यांची तपासणी आणि ती उतरली तरच टप्पा ४. समान अंतराचे आडवे पट्टे असतील तर टप्पा ४ मधली आडवी जुळवणी, मग टप्पा ५. पट्टे वेडेवाकडे असून फक्त गडद भागातच दिसत असतील आणि तिरप्या उजेडात त्यांच्याखाली लहरी दिसत असतील, तर तो कागदाचा आणि शाईच्या प्रमाणाचा दोष आहे: टप्पा २ आणि टप्पा ६. हेड घासल्याचा फराटा पानाच्या सुरुवातीला किंवा शेवटी येत असेल तर कागदाच्या कडा उचललेल्या आहेत. गठ्ठा उलटून भरून पाहावा, तरीही घासत असेल तर तो गठ्ठा बाजूला ठेवून डब्यातले नवे कागद घ्यावेत.